बीबीसीच्या पेट्या आणि ओळखीचा आवाज

दोन वर्षांपूर्वी मुंबईहून आमच्या मिरजेच्या घरी दोन पेट्या आल्या. प्रत्येक पेटी एक फूट उंच, साडेसात इंच रुंद, साडेसहा इंच खोल. अंगावर सागवानाचा पातळ थर, पुढे काळपट विणीचे कापड, मागे एक धातूची पट्टी आणि तिच्यावर छापलेले नाव : एलएस ३/५ए. दोन्हींचे मिळून मी एक लाख चाळीस हजार रुपये मोजले होते. सासूबाईंनी चष्मा वर करून त्या पाहिल्या आणि विचारले, “एवढ्या पैशात एवढ्याच आल्या?”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले ते या लेखात मांडते आहे. मी अभियंता नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन दूरध्वनी खात्यात लागले, तीस वर्षे नोकरी केली आणि स्वेच्छानिवृत्ती घेतली. विजेचे जे काही कळते ते तिथल्या तंत्रज्ञांच्या मागे उभे राहून शिकले. मात्र त्या नोकरीने एक कुतूहल दिले. टेलिफोनच्या तारेवरून माणसाचा आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातून जातो. वरचे, खालचे सगळे कापलेले असते. तरीही पलीकडे कोण बोलते आहे ते आपण पहिल्या ‘हॅलो’लाच ओळखतो. मग प्रश्न पडतो की ओळखता येणे आणि हुबेहूब असणे यांत अंतर किती? हाच प्रश्न काही इंग्रज माणसांनी चाळीसएक वर्षे नोकरी म्हणून सोडवला, हे मला फार उशिरा कळले.

ही माणसे बीबीसीच्या संशोधन विभागातली. विभागाचे नाव आपल्याकडे अगदीच अनोळखी असायला नको. त्याचे प्रमुख एच. एल. कर्क १९३६ साली हिंदुस्थानात येऊन रेडिओ केंद्रांच्या उभारणीबाबत सल्ला देऊन गेले होते. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नावही त्याच वर्षीचे. पुढे १९४८ साली हा विभाग लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यातल्या किंग्जवुड वॉरन नावाच्या जुन्या वाड्यात गेला आणि २०१० पर्यंत तिथे राहिला. लाउडस्पीकरवरचे बहुतेक मोठे काम या वाड्यातले.

प्रसारण संस्थेला स्वतःचा लाउडस्पीकर कशासाठी हवा? बाजारात तेव्हाही उत्तम कंपन्या होत्या. पण दुकानात विकायचा स्पीकर गिऱ्हाइकाला आवडला की त्याचे काम झाले. नियंत्रणकक्षात बसलेल्या माणसाचे काम वेगळे असते. काचेपलीकडे वाद्यवृंद वाजतो आहे, मायक्रोफोन तीन फूट पुढे घ्यायचा की मागे, हे त्याने समोरच्या पेटीतून येणाऱ्या आवाजावरून ठरवायचे असते. पेटीच गोड बोलणारी असेल तर वाईट आवाज तिच्यातून चांगला वाटेल आणि तोच देशभर जाईल. शिवाय लंडनमध्ये ध्वनिमुद्रण झाले, मँचेस्टरमध्ये ते तपासले, तर दोन्हीकडच्या पेट्यांनी एकच गोष्ट सांगायला हवी. अशा पेटीला ‘मॉनिटर’ म्हणत. त्यांच्या नावांतही दफ्तरी शिस्त आहे. ‘एलएस’ म्हणजे लाउडस्पीकर, ५ हा आकडा स्टुडिओसाठी, ३ हा बाहेरच्या प्रक्षेपणासाठी, तिरप्या रेघेपुढे आराखड्याचा क्रमांक, आणि आराखडा सुधारला की पुढे ‘ए’.

या कामाचा पाया डी. ई. एल. शॉर्टर यांनी घातला. १९४६ साली त्यांनी मोजणीची एक वेगळी रीत मांडली. तोवर लाउडस्पीकर कुठल्या सुराला किती जोरात वाजतो एवढेच मोजत. शॉर्टर यांनी सूर सुरू केला, मग तो एकदम तोडला आणि त्यानंतर काही मिलिसेकंदांनी पेटीत काय उरते ते मोजले. देवळातली घंटा टोल देऊन झाल्यावरही घुमत राहते, तसे लाउडस्पीकरचे पडदे आणि खोके घुमत राहतात. घंटेला ते शोभते. पेटीत मात्र हे उरलेले घुमणे पुढच्या शब्दावर सांडते आणि प्रत्येक आवाजाला एकच रंग चढवते. शॉर्टर यांच्या आलेखांत हे घुमणे डोंगररांगांसारखे दिसते. आज संगणकावर कोणीही काढतो ते ‘धबधबा’ आलेख मुळात त्यांचे.

पण मोजणीवर त्यांचा पूर्ण भरवसा नव्हता, आणि मला त्यांचे हेच सर्वांत आवडते. शेवटचा निकाल कानाचा असे आणि त्यासाठी वापरायचा माल म्हणजे माणसाचे साधे बोलणे. ओळखीच्या सहकाऱ्याचा आवाज भिंतींचा प्रतिध्वनी नसलेल्या ठिकाणी मुद्रित करायचा. मग तोच माणूस पेटीजवळ उभा करायचा. तो एक वाक्य बोलणार, पेटी एक वाक्य बोलणार. ऐकणारे ठरवणार की पेटीतला माणूस नाकात बोलतो, पिंपातून बोलतो की माणसासारखा बोलतो. संगीतापेक्षा बोलणे ही कठीण परीक्षा, कारण व्हायोलिन थोडे वेगळे वाजले तर ते दुसरे व्हायोलिन असेल असे आपण म्हणतो. रोज शेजारी बसणाऱ्या माणसाबद्दल तसे म्हणता येत नाही.

या परीक्षेत सुरुवातीचे बहुतेक लाउडस्पीकर नापास झाले ते कागदामुळे. तेव्हा लाउडस्पीकरचा शंकू कागदी लगद्याचा असे. कागद हवेतला ओलावा घेतो आणि लगद्याचा एक घाणा दुसऱ्यासारखा नसतो. पन्नासच्या दशकाअखेरच्या एलएस ५/१ या मोठ्या स्टुडिओ मॉनिटरमध्ये पंधरा इंची कागदी वूफर होता आणि त्याच्या पुढे मुद्दाम एक उभी अरुंद फट ठेवली होती, म्हणजे आवाज आडवा पसरावा. वर सेलेशन कंपनीचे एचएफ १३०० हे दोन ट्विटर. याची सुधारलेली आवृत्ती बनवण्याचे काम केईएफ या नव्या कंपनीला मिळाले. तिचे संस्थापक रेमंड कुक पूर्वी बीबीसीतच होते. १९६१ साली केंटमधल्या मेडस्टनजवळ त्यांनी ती काढली. मॉनिटर चांगले होते, पण दोन पेट्या एकसारख्या होण्यासाठी निवडानिवड फार करावी लागे.

मग डडली हारवूड आणि त्यांचे साहाय्यक स्पेन्सर ह्यूज प्लॅस्टिककडे वळले. त्यांना सापडले ते बेक्सट्रीन, पॉलिस्टायरीनच्या कुळातले. त्याचा पत्रा तापवून, निर्वात पोकळीने साच्यावर ओढून शंकू करता येई. प्रत्येक शंकू आधीच्यासारखाच. एकटे बेक्सट्रीन वाजताना थोडे कडक बोलते, म्हणून त्यावर चिकट लेप देत. ह्यूज यांनी घरच्या प्रयोगासाठी केलेल्या यंत्रात तापवायला विजेची शेगडी होती आणि हवा ओढायला घरातला व्हॅक्यूम क्लीनर. यातूनच त्यांचा बीसी१ हा लाउडस्पीकर झाला. ‘बी’ बेक्सट्रीनचा, ‘सी’ सेलेशनचा. १९६९ साली त्यांनी पत्नीसह कंपनी काढली. स्पेन्सर आणि डोरोथी मिळून ‘स्पेंडॉर’. पुढे हारवूड यांनीही १९७७ साली ‘हारबेथ’ काढली. हारवूडमधला ‘हार’ आणि पत्नी एलिझाबेथमधला ‘बेथ’. सरकारी धाटणीच्या खात्यात आयुष्य काढलेल्या या माणसांनी निवृत्तीच्या वाटेवर पत्नीच्या नावाची अर्धी पाटी लावावी, हे मला उगाचच बरे वाटते.

खोक्याचा प्रश्न उरला होता. सर्वसामान्य समज असा की खोके जितके जाड आणि जड तितके चांगले. हारवूड यांनी उलटे केले. जाड लाकूड घुमायचे थांबत नाही. त्याचे घुमणे वरच्या पट्टीत, म्हणजे नेमके माणसाच्या आवाजाच्या मुलखात सरकते आणि तिथे ते दाबणे कठीण जाते. त्यापेक्षा नऊ-बारा मिलिमीटरचे बर्चचे प्लायवूड घ्यावे, आतून डांबरी थर चिकटवावेत, म्हणजे घुमणे खाली जाते आणि लवकर मरते. १९७७ साली त्यांनी आर. मॅथ्यूज यांच्यासह यावर अहवालच लिहिला.

हे मला कागदावर कळले होते. पटले ते आमच्या गल्लीत. मिरज तंबोऱ्यांचे गाव. शिकलगारांची घराणी, पूर्वी हत्यारांना धार लावणारी, दीडशे वर्षांहून अधिक काळ इथे तंबोरे आणि सतारी करतात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूरकडून येणारे वाळके भोपळे त्यांच्या माळ्यावर टांगलेले असतात. त्यातल्या एका चाचांना मी पेटी दाखवली. त्यांनी सवयीने बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक केली, कान लावला, पुन्हा केली.

“ताई, ह्याला बोलायचंच न्हाई,” ते म्हणाले.

“बोलूच नये म्हणून केलंय चाचा.”

“मग आमचं उलटं. आमचा भोपळा बोलला न्हाई तर टाकून देतो.”

चाचांच्या एका वाक्याने हारवूड यांचा अहवाल समजला. तंबोऱ्याचा भोपळा हा आवाजाचा धनी आहे आणि दोन भोपळे सारखे नसतात म्हणूनच गवई दहा तंबोरे छेडून एक उचलतो. मॉनिटरच्या खोक्याला स्वतःचा आवाज असणे हाच दोष.

आता माझ्या दोन पेट्यांकडे येते. त्यांचा जन्म लाउडस्पीकर म्हणून झालाच नव्हता. बीबीसीला मोठ्या स्टुडिओंची ध्वनिरचना बदलायची असे, उदाहरणार्थ मेडा व्हेल इथला पहिला स्टुडिओ. भिंती पाडून प्रयोग परवडत नाहीत, म्हणून एक-अष्टमांश आकाराची प्रतिकृती करत. तीत आठपट वेगाने वाद्यवृंदाची ध्वनिफीत वाजवत, बारक्या मायक्रोफोनने मुद्रित करत आणि पुन्हा आठपट संथ करून ऐकत. स्टुडिओ बाहुलीच्या घराएवढा झाला की आवाजाच्या लहरीही तेवढ्या लहान व्हाव्या लागतात. या बाहुलीघरात ठेवायला एक छोटा, पण अत्यंत अचूक लाउडस्पीकर हवा होता. तो केला आणि केल्यावर लक्षात आले की हा तर ऐकायलाही फार चांगला आहे.

त्याच सुमारास बाहेरच्या प्रक्षेपणाच्या मोटारींत अडचण होती. क्रिकेटचा सामना, चर्चमधली प्रार्थना, निवडणुकीची सभा यांच्यासाठी जाणाऱ्या गाडीत मोठी पेटी मावत नाही आणि हेडफोनवर तोल नीट कळत नाही. तेव्हा या छोट्या पेटीचे एलएस ३/५ झाले. केईएफचा पाच इंची बी ११० हा बेक्सट्रीनचा वूफर, त्याच कंपनीचा टी २७ हा पाऊण इंची ट्विटर, पाच लिटरचे बंद खोके.

पहिली छोटी तुकडी निघाली. नंतर आणखी हव्या म्हणून करायला घेतल्या, तर जुन्यांशी जुळेनात. शोध घेतल्यावर कळले की दरम्यान केईएफकडून येणाऱ्या दोन्ही युनिटांत बदल झाला होता. व्यापारी कंपनीने ‘नवे मॉडेल’ म्हणून ते विकले असते. बीबीसीने आराखडा पुन्हा केला. संशोधन विभागाचे हारवूड, आणि डिझाइन विभागाचे व्हॉटन व मिल्स यांनी. म्हणून ते शेवटचे ‘ए’. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी अहवाल क्रमांक १९७६/२९ प्रसिद्ध केला. त्यात लपवाछपवी नाही. कोपऱ्यातल्या पट्ट्या बीच लाकडाच्याच का, पाइनच्या लावल्या तर आवाज कसा बदलतो. ट्विटरभोवती फेल्टच्या पट्ट्या का, तर पुढच्या चौकटीच्या कडेवर आपटून येणारा आवाज त्यांनी गिळावा म्हणून. ट्विटरवर धातूची जाळी का, तर मोटारीत कोणाचे तरी बोट लागून पडदा चेपतो म्हणून. विभाजक जाळ्यात, म्हणजे क्रॉसओव्हरमध्ये, अनेक टोके काढलेला एक छोटा ट्रान्सफॉर्मर आहे. प्रत्येक ट्विटर थोडा कमीजास्त जोरात वाजतो; कारखान्यात ऐकून-मोजून योग्य टोकाला तार जोडायची आणि सगळ्या पेट्या एका रेषेत आणायच्या.

स्वतः पेट्या विकणे हा बीबीसीचा धंदा नव्हता. तिने परवाने दिले. रॉजर्स, चार्टवेल, ऑडिओमास्टर, रॅम, स्पेंडॉर, गुडमन्स, हारबेथ अशा अनेक कंपन्यांनी हीच पेटी बनवली. कंपनी कुठलीही असली तरी आराखडा एकच आणि कसोटीही एकच. १९८७-८८च्या सुमारास बी ११०ची वागणूक पुन्हा सरकत गेल्यामुळे क्रॉसओव्हर नव्याने करावा लागला. पहिल्या प्रकाराला १५ ओहमचा आणि नंतरच्याला ११ ओहमचा म्हणतात. नव्वदच्या दशकाअखेर केईएफने ही युनिटे करणे थांबवले आणि मूळ पेटीची कहाणी तिथे संपली.

आज संग्राहकांच्या गप्पा ऐकल्या तर चार्टवेलची पेटी जास्त मधुर, रॉजर्सची पांढऱ्या अक्षरांची पट्टी काळ्या अक्षरांच्यापेक्षा श्रेष्ठ, १५ ओहमचा गळा ११ ओहमला नाही, अशी घराणी पडलेली दिसतात आणि किमतीही तशाच. मला हे वाचून हसू येते आणि थोडा रागही. पन्नास वर्षांपूर्वी काही माणसांनी जिवाचे रान केले ते रॉजर्सची पेटी चार्टवेलच्या पेटीशेजारी ठेवली तर फरक कळू नये म्हणून. फरक कळत असेल तर त्यातली एक बिघडली आहे, इतका साधा त्याचा अर्थ. वय झालेल्या कपॅसिटरला आणि कडक झालेल्या रबराला लोक ‘बाज’ म्हणू लागले आहेत.

अर्थात, हे शहाणपण मला पेट्या घेतल्यानंतर आले. विकत घेताना मीही पट्टीच पाहिली होती. मुंबईत जुन्या ध्वनिसामग्रीचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांकडे गेले. त्यांनी कापड काढू दिले नाही, “सील आहे” म्हणाले. सील कसले, ते कापड वेलक्रोवर बसते, ओढले की निघते; हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. दोन्ही पेट्यांच्या मागे एकच क्रमांक, एकीला ‘ए’ आणि दुसरीला ‘बी’. मी जोडी समजून घेऊन आले.

घरी लावल्या. भीमसेनजींची तबकडी ऐकली, नाट्यगीते ऐकली. छान वाटले. पैसे मोजल्यावर सगळ्यांनाच पहिले आठ दिवस छान वाटते. पण गाणारा खोलीच्या मध्यभागी बसत नव्हता. खालच्या स्वरांना मधे, वरच्या स्वरांना किंचित डावीकडे. खोलीला दोष दिला, पेट्यांची अदलाबदल केली, तर गाणारा उजवीकडे झुकला. मग शॉर्टर-हारवूड यांची जुनी परीक्षा घ्यायचे ठरवले.

माझा नवरा निवृत्त मराठी शिक्षक. त्याला पहाटे साडेपाचला गच्चीवर नेले, म्हणजे भिंती नाहीत आणि रिक्षाही नाहीत, आणि वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचायला लावला. चार फुटांवर मायक्रोफोन. संध्याकाळी खोलीत त्याला दोन पेट्यांच्या मध्ये उभा केला आणि मी डोळे मिटून बसले. एक वाक्य त्याने म्हणायचे, तेच डाव्या पेटीने, मग पुन्हा त्याने, तेच उजवीने. डावी पेटी बोलली तेव्हा मी क्षणभर फसले. उजवी बोलू लागली तेव्हा स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक आली, “बाळूला पडसं झालंय काय गं?”

दुसऱ्या दिवशी स्क्रू काढून दोन्ही उघडल्या. डावीतल्या वूफरच्या पाठीवर एसपी १००३ असा क्रमांक होता. हा १५ ओहमच्या पेटीचा मूळ वूफर. उजवीत एसपी १२२८, म्हणजे नंतरच्या ११ ओहमच्या प्रकाराचा. क्रॉसओव्हर मात्र जुनाच. कोणीतरी जळालेला वूफर काढून दिसायला तसाच दुसरा बसवला होता. बाहेरून ओळखणे अशक्य. वर, उजव्या ट्विटरभोवतीच्या फेल्टच्या दोन पट्ट्या गायब. त्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले की माल पाहून नेला आहे. खरे होते ते; मी पट्टी पाहिली होती, माल पाहिला नव्हता.

म्हणून कोणी अशा पेट्या घेणार असेल तर सांगते. कापड काढूच दिले पाहिजे. दोन्ही वूफर आणि दोन्ही ट्विटर यांचे क्रमांक पाहावेत, क्रॉसओव्हर कुठल्या प्रकारचा तो पाहावा. १५ ओहमचा असेल तर बहुधा एफएल६/२३ असे लिहिलेले सापडते. वूफर चार बोटांनी अलगद आत दाबावा. खरखर आली तर गुंडाळी घासते आहे. रबरी कड मऊ हवी. मोठ्या मॉनिटरांत, ज्यांत बारा इंची जड शंकू असतात, वर्षानुवर्षे उभे राहून शंकू खाली ओघळतो. तो अर्धा फेरा फिरवून बसवला की बरेचदा पुन्हा मध्यावर येतो. आणि हे सगळे करण्याआधी विकणाऱ्याला आपल्या ओळखीच्या माणसाचे बोलणे दोन्ही पेट्यांवर आळीपाळीने लावायला सांगावे. पाच मिनिटांचे काम आहे. गाणे लावू नये, गाण्याने मन विरघळते.

मला एसपी १००३ मिळायला आठ महिने लागले. एकटा वूफर विकणारे कमी, कारण ज्याच्याकडे एक आहे तो दुसऱ्याच्या शोधात असतो. आला तोही साडेबावीस हजारांना, आणि मी हा आकडा घरात अजून पूर्ण सांगितलेला नाही. पुण्याच्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिकनी दोन्ही क्रॉसओव्हरांचे कपॅसिटर मोजले. सरकलेले तेवढेच बदलले. नवे, महागडे, नावाजलेले घालायचा मोह मला होता. त्यांनी विचारले, “तुम्हाला पेटी सुधारायची आहे, का होती तशी करायची आहे?” मग फेल्ट कापून बसवले आणि शेवटी त्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची तार एका टोकावरून शेजारच्या टोकावर सोल्डर केली. ऐकले, पुन्हा मागे आणली, पुन्हा ऐकले. हारवूड यांनी सोडलेली ती टोके नेमकी या दिवसासाठी आहेत, असे वाटून गेले.

घरात मांडताना या पेट्यांचा जन्म आठवला की निम्मे प्रश्न सुटतात. त्या मोटारीत, जवळून ऐकायला केल्या आहेत. आमची खोली अकरा बाय चौदा फूट, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब. भिंतीला चिकटवल्या की खर्ज फुगतो, म्हणून दोन फूट पुढे ओढल्या. मागच्या भिंतीवर सासूबाईंची गोधडी टांगली, तिने टाळीचा ठणका गेला. आम्ही बैठकीवर मांडी घालून ऐकतो, तेव्हा ट्विटर कानाच्या रेषेत यायला फूटभर उंचीची पेटी पावणेदोन फुटांच्या तिवईवर पुरते. ती आंब्याच्या लाकडाची करून घेतली. पेट्यांमध्ये पाच फूट, आमच्यापर्यंत पाच फूट. एवढ्या अंतरावर तीस-चाळीस वॉटचा अॅम्प्लिफायर पुरतो. या पेट्या मंद आहेत, एका वॉटला एक मीटरवर ८२-८३ डेसिबल. जोर लावून लग्नाची वरात काढायला गेलात तर वूफर जाईल. कोणाच्या तरी हातून गेलाच होता.

आणि काय मिळत नाही तेही सांगायला हवे. डग्ग्याची घुमारी आहे असे वाटते, पण तिचा तळ नाही. पाच लिटरच्या खोक्यातून तो येऊच शकत नाही. आराखडा करणाऱ्यांनी शंभर-दीडशे हर्ट्झच्या आसपास थोडा उठाव ठेवून कानाची समजूत घातली आहे. तंबोऱ्याचा खर्जही असाच, आभास चांगला. पण जवारीतून निघणारी ती वरची झणझण, जी साध्या स्पीकरवर पत्र्यासारखी होते, ती इथे वेगळी होऊन, सुटी होऊन ऐकू येते. चाचांना मुद्दाम बोलावले होते. त्यांनीच केलेल्या तंबोऱ्याचे मी मुद्रण केले होते. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “दुसऱ्या तारंची जवारी जरा उघडी राहिलीय. आणा उद्या, दोरा सारतो.”

नवऱ्याची परीक्षा पुन्हा घेतली, तोच अग्रलेख, तीच मुद्रित फीत. या वेळी डावी आणि उजवी मला वेगळ्या सांगता आल्या नाहीत. पेटीतला आवाज आणि शेजारी उभा असलेला माणूस मात्र सांगता आले; पेटीतला आवाज किंचित कोरडा, किंचित लहान होता. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून काहीच विचारले नाही.

मग पेट्या बंद करायला घेतल्या तेव्हा डाव्या पेटीच्या पाठफळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीची एक खूण दिसली : बरोबरची टिकली आणि खाली दोन पुसट इंग्रजी अक्षरे. कारखान्यात कोणीतरी ही पेटी कसोटीच्या पेटीशेजारी ठेवून ऐकली असावी, फरक नाही असे ठरवले असावे आणि खूण केली असावी. उजवीच्या फळीवरही तशीच टिकली आहे. मी डांबरी थरावर हात फिरवून तो कुठे सुटलेला नाही ना ते पाहिले आणि स्क्रू एकेक करून बसवले.